व्हरांड्यातली खुर्ची

आमचे सर सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, संत्रा बर्फीचे डबे रिकामे झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीच्या वेळेला विभागात येऊन आपल्या खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. पावसाळा गेला, हिवाळा गेला, सर बसतच राहिले. नागपुरातल्या एका संशोधन केंद्रातला आमचा विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. त्यात सरांचं टेबल सगळ्यात मोठं, खिडकीजवळचं. सरांशी कोणीतरी बोलायला पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. कारण मी त्यांचीच विद्यार्थिनी, आणि त्यांच्याच जागेवर नेमलेली.

"मॅडम, तुम्हीच सांगा न त्याईले," एक एक जण मला बाजूला घेऊन म्हणायचा. मी "बघते" म्हणायची. खरं तर सांगायचं काहीच नव्हतं. करायचं होतं, आणि काय करायचं ते सरांनीच आम्हाला दाखवून ठेवलं होतं.

आमच्याकडे पीएच.डी.चं प्रमाणपत्र विद्यापीठ देतं, पण पीएच.डी. झाल्याचं सर जाहीर करायचे, ते खुर्ची उचलून. तोंडी परीक्षा संपली, बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात समोसा आला, की सर हळूच उठायचे, प्रयोगशाळेत जायचे, त्या विद्यार्थ्याची खुर्ची दोन्ही हातांनी उचलायचे आणि व्हरांड्यात नेऊन ठेवायचे. भाषण नाही, अभिनंदन नाही. नव्या परीक्षकांना वाटायचं, झाडलोट चालू आहे. आम्हाला मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. आता इथं तुझं काम संपलं, बूड उचल आणि बाहेर पड.

"माहेरी पोस्टडॉक नसते होत," हे त्यांचं आवडतं वाक्य.

हे पोस्टडॉक प्रकरण घरच्यांना समजावता समजावता आमच्या पिढीची अर्धी ताकद गेली. माझ्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, "डॉक्टर झाली न वं तू? मंग दवाखाना कवा टाकतं?" दवाखाना नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस थोडा कमी झाला. पीएच.डी. झाल्यावर पक्की नोकरी मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं दुसऱ्या कोणाच्या तरी प्रयोगशाळेत काम करायचं, नवं काही शिकायचं, स्वतःचा प्रश्न स्वतः सोडवून दाखवायचा, हे झालं पोस्टडॉक. त्यासाठी फेलोशिप लागते, फेलोशिपसाठी अर्ज, अर्जानंतर मुलाखत. आणि या सगळ्याच्या डोक्यावर बसलेली वयाची अट. ती एकदा ओलांडली की तुमच्या हुशारीला कोणी विचारत नाही.

सर मूळचे कुहीकडचे. घरची धानाची शेती अजून भाऊ करतात. सर तीसेक वर्षं नागपुरात राहून कुहीचंच बोलत होते. इंग्रजी फक्त शोधनिबंधापुरतं, आणि तेही इतकं कोरडं की वाचताना पाणी प्यावंसं वाटे. काम सिकलसेलवर. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मग सांधे दुखतात, दम लागतो, लेकरं वारंवार आजारी पडतात. औषध एका पेशंटला लागू पडतं, दुसऱ्याला पडत नाही. असं का होतं, हे शोधण्यात सरांचा जन्म गेला. गावोगावचे रक्ताचे नमुने त्यांनी एका मोठ्या डीप फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. त्या फ्रीजरच्या आवाजात जरासा फरक पडला तरी सर हातातला घास ठेवून उठायचे.

फेलोशिपच्या जाहिराती ते सूचनाफलकावर लावत नसत. आम्ही डबे ठेवायचो त्या लहान फ्रीजच्या दारावर चिकटवायचे. "ज्याले भूक लागीन तो वाचीन," असं त्यांचं शास्त्र. शेवटच्या तारखेखाली लाल मार्करची रेघ. मी कितीतरी दुपारी भाजीचा डबा हातात धरून परदेशातल्या नि देशातल्या फेलोशिपांच्या अटी वाचल्या आहेत. वांग्याच्या भाजीचा वास आला की मला अजूनही पात्रतेचे निकष आठवतात.

शिफारसपत्रं मागायला आम्ही घाबरायचो. इतर सर लोक आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'अत्यंत बुद्धिमान' लिहून देत. आमचे सर जे दिसलं तेच लिहीत. माझ्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की ही सावकाश काम करते, पण हिनं केलेलं दुसऱ्याला पुन्हा करावं लागत नाही. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच. खोटं काय हाय त्याच्यात, सांग." मी म्हटलं, सर, ते सावकाश तेवढं काढता येईल का? "काढलं तं मंग बाकीचंबी खोटं वाटीन न वं बाई," म्हणाले. सावकाश तसंच राहिलं.

पण सरांची खरी कला होती ती मुलाखतीची तालीम घेण्यात. ही तालीम सकाळी झणझणीत तर्री पोह्याच्या ठेल्यावर व्हायची. ऑफिसात बसून कोणीही बोलतं, असं त्यांचं म्हणणं. समोर गर्दी आहे, नाकातून पाणी येतंय, जीभ पोळलीय, अशा वेळी जो आपलं काम समजावून सांगू शकेल तो कुठेही सांगू शकेल. पॅनेलवरची तिन्ही माणसं सर एकटेच व्हायचे, आणि त्यासाठी त्यांना फक्त चष्मा लागायचा. चष्मा नाकावर असला की ते त्याच विषयातले तज्ज्ञ. चष्मा कपाळावर गेला की दवाखान्यात बसणारे डॉक्टर. आणि चष्मा काढून खिशात टाकला की तिसरा माणूस.

"पहिले दोघं तुले नापास नाई करत," ते सांगायचे. "त्याईले तुझं काम समजते. हा तिसरा हाय न, यानं काईच वाचलेलं नसते. हाच ठरवते."

तिसऱ्या माणसाचे प्रश्न साधे आणि जीवघेणे असायचे. मग याचा फायदा काय? हे आधी कोणी केलं नसेल कशावरून? तुमच्याकडूनच का करून घ्यावं? आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" असं स्वच्छ म्हणायचं, हा सरांचा नियम. इकडचं तिकडचं बोलू लागलो की तिसरा माणूस आमच्या प्लेटमधली शेव उचलून खायचा.

सावनेरचा एक मुलगा आमच्यात होता, माझ्यापेक्षा वर्षभर पुढचा. त्याची परदेशातल्या एका लॅबची मुलाखत व्हिडिओवर होती. मे महिना. इंटरनेट नीट चालायचं ते फक्त आमच्या प्रयोगशाळेत, म्हणून तो तिथंच टाय लावून बसला. मुलाखत रंगात आली आणि मोठ्या फ्रीजरचा भोंगा वाजायला लागला. कॉम्प्रेसर बसला होता. सर आत आले, मुलाखतीकडे बघितलंदेखील नाही, आणि नमुन्यांचे खोके काढून शेजारच्या विभागातल्या फ्रीजरमध्ये न्यायला लागले. कॅमेऱ्यासमोरून जाताना खोका, येताना रिकामे हात, अंगात बनियन, कारण शर्ट त्यांनी एका खोक्याभोवती गुंडाळला होता. पलीकडच्या बाईंनी शेवटी विचारलं, हे गृहस्थ कोण? सावनेरचा म्हणाला, माझे मार्गदर्शक. आणि मग तालमीत शिकल्याप्रमाणे त्यानं त्या नमुन्यांत काय आहे, ते वितळले तर काय बुडेल, हे दोन वाक्यांत सांगितलं. त्याची निवड झाली. सर पुढे वर्षानुवर्षं सांगत, "माह्या बनियननं लागला तो."

माझी खुर्ची उचलली गेली तेव्हा मला हसू आलं नाही.

लग्न झालेलं होतं, मनीषनगरात घर, मुलगी लहान. मी माझं गणित मनात पक्कं करून ठेवलं होतं. एक फेलोशिप अशी होती की ती कुठल्याही मार्गदर्शकाकडे घेता यायची. मी ती सरांकडेच घेणार, नागपुरातच राहणार, मुलीच्या शाळेच्या रिक्षाची वेळ सांभाळणार. वयाच्या अटीप्रमाणे ती माझी शेवटची संधी होती. ती हुकली तर पुढे तासिका तत्त्वावर कुठल्या तरी कॉलेजात शिकवायचं आणि संशोधन विसरायचं, हे मला दिसत होतं. तोंडी परीक्षा झाल्या झाल्या मी सरांना म्हटलं, "सर, मले इथंच राहू द्या. मार्गदर्शक म्हणून सही करा."

सरांनी समोसा खाली ठेवला, आत गेले आणि माझी खुर्ची बाहेर आणली.

मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला. इतका की मी घरी न जाता संध्याकाळपर्यंत त्या व्हरांड्यातल्या खुर्चीतच बसले. दुसऱ्या दिवशीही येऊन तिथंच बसले. तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन फेलोशिपचा अर्ज लिहायला लागले, मार्गदर्शकाचा रकाना रिकामा ठेवून. सगळा विभाग जाता-येता माझ्याकडे बघायचा. सर एकदा थांबले आणि म्हणाले, "वारा बरा येते न इथं?"

मी म्हटलं, "सर, तुम्हाले लेकरू नाही, तुम्हाले काय समजते?"

हे बोलायला नको होतं, पण तेव्हा तोंडातून गेलं. सर आत गेले. थोड्या वेळानं आतून येऊन त्यांनी माझ्या लॅपटॉपवर एक चिठ्ठी ठेवली. दक्षिणेतल्या एका संस्थेतल्या बाईंचं नाव होतं. सिकलसेलच्या काही पेशंटांना औषध का लागू पडत नाही, हेच त्या बाई पेशीच्या पातळीवर बघत होत्या, आणि ते आमच्या विभागात बघायची सोय नव्हती. "त्याईच्याशी बोललो मी," सर म्हणाले. "लेकरांसाठी पाळणाघर हाय तठी. मले लेकरू नाई, म्हून इचारून घेतलं."

मी मार्गदर्शकाच्या रिकाम्या रकान्यात त्या बाईंचं नाव लिहिलं.

मग तालमी सुरू झाल्या. एका सकाळी ठेल्यावर सरांनी चष्मा खिशात टाकला आणि तिसऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, "पोरगी लहान हाय म्हंतं. मंग कायले जातं?"

मी प्लेट आपटली. "सर, तुम्हीबी हेच इचारता?"

"मी नाई इचारत. तिसरा इचारून राह्यला. पुरुषाले नाई इचारनार तो, तुले इचारीन. आत्ता रागव पोटभर, तठी नको रागवजो. उत्तर दे."

"तुम्ही खुर्ची उचलली म्हणून जाते," मी म्हटलं.

सर खदखदून हसले. तर्रीचा ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "खरं हाय. पन हे तठी नको सांगजो."

मुलाखतीत तो प्रश्न आलाच. अगदी तिसऱ्याच खुर्चीवरून, आणि त्या गृहस्थांच्या नाकावर चष्मा नव्हता. मी म्हटलं, "मुलगी मोठी होईलच, सर. माझ्या वयाची अट मात्र पुन्हा येणार नाही." फेलोशिप मिळाली. मी मुलीला घेऊन गेले. नवरा सुट्ट्यांमध्ये यायचा, सासूबाई फोनवर रोज विचारायच्या, "दवाखाना सापडला का वं?" ती वर्षं सोपी नव्हती, पण माझी होती. परत आले ती नागपुरात जागा निघाली तेव्हा, आमच्याच विभागात, आणि सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा मला मिळाली.

मी फेलोशिपवर जायच्या आधी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला जेवायला बोलावलं होतं. सर आत हात धुवायला गेले तेव्हा काकूंनी माळ्यावरच्या एका मोठ्या निळ्या बॅगेकडे बोट दाखवलं.

"यायनं घेतली होती. तुह्यासारखीच फेलोशिप भेटली होती, साता समुद्रापलीकडची. तिकीट काढाचं बाकी होतं. याईचे सर म्हनाले, तू गेला तं लॅब कोन पाहीन गा? झालं. आता गोधड्या ठेवतो त्याच्यात."

"मग पुन्हा नाही प्रयत्न केला?"

"वय निघून गेलं न," काकू म्हणाल्या आणि मला अजून एक वांगं वाढलं.

सर परत आले तेव्हा मी अजून माळ्याकडेच बघत होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि भात मागितला.

तर हे असे सर निवृत्तीनंतर आपल्या खुर्चीत बसून होते. बसून नुसते नव्हते. बंगळुरूहून फेलोशिप घेऊन आलेली एक मुलगी माझ्याकडे पोस्टडॉक करत होती. तिला टेबल नव्हतं, फ्रीजरजवळच्या स्टुलावर बसून काम करायची. तिनं पिपेट हातात घेतली की खिडकीजवळून आवाज यायचा, "सावकाश वं, सावकाश." मुलगी सोशीक होती, पण एके दिवशी तिनं मला विचारलं, "मॅडम, ही प्रयोगशाळा नक्की कोणाची आहे?" प्रश्न तिसऱ्या माणसाचा होता.

त्याच सुमारास मी डब्यांच्या फ्रीजच्या दारावर एक जाहिरात चिकटवली. निवृत्त शास्त्रज्ञांसाठीची फेलोशिप. गडचिरोलीकडच्या एका छोट्या दवाखान्याला सिकलसेलची तपासणी उभी करायला अनुभवी माणूस हवा होता. गावोगाव फिरायचं, नमुने घ्यायचे, तिथल्या नर्सना शिकवायचं. सरांनी आयुष्यभर ज्यांच्या रक्ताचे नमुने फ्रीजरमध्ये सांभाळले, ती माणसं तिकडे होती. आणि याही फेलोशिपला वयाची अट होती. सर यंदा त्या अटीत बसत होते, पुढच्या वर्षी बसणार नव्हते. शेवटच्या तारखेखाली मी लाल मार्करनं रेघ मारली.

सर रोज डबा काढताना ती वाचायचे. "चांगली हाय," म्हणायचे. "कोनी तरी गेलं पाह्यजे." एकदा मी म्हटलं, "सर, तुम्हीच भरा न."

"मी गेलो तं हे फ्रीजर कोन पाहीन?" सर म्हणाले.

मला काकूंची निळी बॅग आठवली. सरांना ते वाक्य आपलं वाटत होतं, आणि ते त्यांचं नव्हतंच. कोणा दुसऱ्यानं फार पूर्वी त्यांच्या गळ्यात घातलं होतं. तेव्हा मला सरांची दया आली, आणि सरांची दया येणं मला अजिबात आवडलं नाही. त्यापेक्षा राग बरा होता.

शेवटची तारीख जवळ आली तशा मी दोनदा व्हरांड्यापर्यंत जाऊन परतले. ज्या माणसानं आपल्याला घडवलं त्याची खुर्ची उचलायची म्हणजे हात धजत नाही. तिसऱ्यांदा मात्र मी सकाळी लवकर आले. सरांची खुर्ची जुनी, लाकडी, वेताच्या बैठकीची आणि चांगलीच जड होती. दोन्ही हातांनी उचलली, व्हरांड्यात नेऊन ठेवली, आणि शेजारी उभी राहिले. बंगळुरूची मुलगी दारातून हे सगळं बघत होती. मी तिला आत पाठवलं.

सर आले. छत्री-पिशवी सावरत, डब्याला हात लावत, नेहमीसारखे. खुर्ची दिसली आणि थांबले. मला वाटलं, आता मागे फिरतील आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

मग ते त्या खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर घेतली. अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत म्हणाले, "वारा बरा येते इथं."

आता मलाही चष्मा आहे. मी तो काढला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला. सरांनी ते पाहिलं. सरळ होऊन बसले, शर्टाची वरची गुंडी लावली.

"तुमचं वय झालं," मी तिसऱ्या माणसाच्या आवाजात म्हटलं. "घर नागपुरात. पेन्शन सुरू. मग ह्या वयात तिकडे जंगलात कशाला जाता?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, सिकलसेल सांगतील, नमुने सांगतील, आयुष्यभराचं काम सांगतील. इकडचं तिकडचं न बोलणारा माणूस उत्तर शोधत होता. आतून फ्रीजरचा आवाज येत होता. सरांनी एकदाही मान वळवून तिकडे बघितलं नाही.

"माह्या सरायनं माही खुर्ची उचललीच नाई वं," ते म्हणाले. "आज उचलली कोनं तरी. म्हून जातो."

मी चष्मा पुन्हा लावला. हे उत्तर तिथं सांगू नका, असं मी त्यांना म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, हेच सांगजा."